भाकरी सोडल्याने कंबर मोकळी होते का?



एका पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एक तरुण भाऊ माझ्याकडे आला. बाजार समितीत हमाली करतो. वय तेहेतीस. चप्पल घालताना त्याला भिंतीला हात लावावा लागत होता. तो काही बोलायच्या आधी त्याची बायकोच बोलली, "ताई, तुम्हीच समजवा यायले. दोन महिने झाले, भाकर खात नाई, भात खात नाई. मोबाईलात पाह्यलं म्हणे. वाताले स्टार्च चालत नाई म्हणते. गोळ्याबी बंद केल्या."

मी त्याला विचारलं, "गोळ्या कशाला बंद केल्या रे?"

"त्या गोळीतबी स्टार्च असते ताई. थ्या व्हिडिओत सांगतलं."

हे त्याचं खोटं नव्हतं. बऱ्याच गोळ्या बांधून ठेवायला कंपन्या मक्याचा स्टार्च थोडासा वापरतात. पण तो चिमटीतही येणार नाही इतका कमी असतो. तेवढ्यासाठी या भावाने डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडलं होतं. वजन सहा-सात किलो उतरलं होतं. दुखणं कसं आहे विचारलं तर म्हणाला, "थोडं कमी वाटते. पण आता पोतं उचलत नाई ना. मालच नाई आला."

बायको हळूच म्हणाली, "दोन अंडे यायले, अन् लेकरायले काईच नाई."

वस्तीवस्तीत फिरताना हा प्रश्न मला आता वारंवार येतो. "सिस्टर, वात आहे, भाकरी सोडू का? भात बंद करू का?" एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण या पथ्यामागे एका खऱ्या डॉक्टरचा खरा विचार आहे, आणि तो विचार आपल्यापर्यंत येईस्तोवर पार बदलला आहे. म्हणून आज सगळं नीट मांडते.

आधी माझी एक चूक सांगते

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नोकरीला लागले, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट. एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा दर पंधरा दिवसांनी कंबर धरून यायचा. डॉक्टर लिहून द्यायचे, मी इंजेक्शन द्यायचे, आणि वर आपलं शहाणपण सांगायचे, "जड उचलू नकोस, आराम कर." तो आराम करायचा आणि आणखी आखडून यायचा. असं दोन वर्षं चाललं. सकाळी उठताना कसं वाटतं, चालल्यावर बरं वाटतं की वाईट, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तो मला बसस्टँडवर भेटला. मान वळवून बघता येत नव्हतं, मला बघायला अख्खा फिरला. पाठ पुढे वाकून तशीच घट्ट झाली होती. मणके एकमेकांना जुळून गेले होते. त्याचा आजार कंबरेच्या ओझ्याचा नव्हताच. आणि आराम हा त्या आजारातला सगळ्यात वाईट सल्ला होता, तो मी दिला होता. तेव्हापासून कंबर दुखते म्हणणाऱ्या तरुण माणसाला मी पहिला प्रश्न सकाळचा विचारते.

दुखणं कोणतं, ते आधी ओळखा

आपण सगळ्याच सांधेदुखीला 'वात' म्हणतो. पण एका शब्दाखाली निदान पाच-सहा वेगळे आजार येतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात याचा मोठा अभ्यास झाला आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण गावात १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांची पाहणी केली. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून हे काम झालं. शंभरातल्या साधारण अठरा जणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. पण ज्याला डॉक्टर 'रुमेटॉइड' म्हणतात आणि वैद्य 'आमवात' म्हणतात, तो सूज आणणारा संधिवात दोनशे माणसांमागे साधारण एकालाच होता. म्हणजे गावात दुखणारी माणसं खूप, पण त्यातल्या बहुतेकांचं दुखणं झिजेचं, ओझ्याचं, आखडलेल्या स्नायूंचं. सुजेचे आजार त्यामानाने कमी, पण तेच माणसाला अपंग करतात.

सुजेचे म्हणजे काय? आपल्या शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उठते. त्यातले दोन मुख्य लक्षात ठेवा.

पहिला रुमेटॉइड. यात हाताच्या बोटांची मधली पेरं, मुळाचे सांधे, मनगटं दोन्ही बाजूंना सुजतात. सकाळी मूठ वळत नाही, पीठ मळता येत नाही. हा बायकांना जास्त होतो.

दुसरा मणक्याचा. त्याचं नाव मोठं आहे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. हा तरुणपणीच सुरू होतो, बहुधा पंचेचाळीसच्या आत. स्टार्चचं पथ्य मुळात याच आजारासाठी निघालं. त्याच्या खुणा अशा:

कंबर हळूहळू दुखायला लागते आणि तीन महिन्यांहून जास्त दुखत राहते. सकाळी अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ अंग लाकडासारखं आखडलेलं असतं. चाललं-फिरलं की मोकळं होतं, पडून राहिलं की वाढतं. पहाटे दोन-तीन वाजता दुखण्याने जाग येते आणि उठून चार पावलं टाकल्यावर बरं वाटतं. कधी उजवा कुल्ला दुखतो, कधी डावा. काहींची टाच दुखते.

आणि एक खूण अजिबात विसरू नका. डोळा एकाएकी लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. असं झालं तर मेडिकलमधून थेंब आणून टाकू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ही डोळ्याच्या आतली सूज असते आणि दुर्लक्ष केलं तर नजर जाऊ शकते.

ओझ्याच्या कंबरदुखीचं बरोबर उलटं असतं. काम केलं की वाढते, पडलं की कमी होते.

आपल्या विदर्भातल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी. सिकलसेल आपल्या समाजात आहे, आदिवासी आणि इतर मागास समाजांतही आहे. त्यात हाडं-सांधे भयंकर दुखतात, पोरांची हाता-पायांची बोटं सुजतात, तरुणपणीच खुब्याचं हाड खराब होतं. कितीतरी घरांत त्यालाही 'वात' म्हणून लेप लावत बसतात. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे. लहानपणापासून सांधे दुखणाऱ्या प्रत्येकाची ही तपासणी झालीच पाहिजे. दुसरं म्हणजे चिकुनगुनिया. २००६ साली महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली होती, ते अनेकांना आठवत असेल. ताप उतरल्यावरही त्याचं दुखणं महिनोन्महिने राहतं आणि अगदी संधिवातासारखं दिसतं.

आता सांगा, यातल्या प्रत्येकाला "भात सोड" हे एकच उत्तर कसं चालेल?

स्टार्च म्हणजे काय

वंदनेच्या पांढऱ्या साडीला आपण भाताच्या पेजेची खळ देतो. साडी वाळली की कडक होते. ती खळ म्हणजेच स्टार्च. मराठी पुस्तकात त्याला पिष्ट म्हणतात.

मागच्या महिन्यात एका रविवारी विहारात आम्ही एक गंमत केली. मी टिंक्चर आयोडीनची बाटली नेली आणि बायकांना घरून थोडं थोडं खाणं आणायला सांगितलं. प्रत्येकावर एक थेंब टाकला. स्टार्च असेल तिथे आयोडीन निळं-काळं होतं. भाकरी काळी झाली. भात काळा झाला. उकडलेला बटाटा, घट्ट वरण, गव्हाची पोळी, सगळं काळं. साबुदाणा तर शाईत बुडवल्यासारखा दिसला. काकडी, टोमॅटो, अंड्याचा पांढरा भाग, पनीर यांवर थेंब तपकिरीच राहिला. कच्चं केळं काळं, पिकलेल्यावर फिका डाग, कारण पिकताना स्टार्चची साखर होते.

सगळ्यात नवल वाटलं ते सोयाबीनचं. भिजवून ठेचलेल्या सोयाबीनवर थेंब तपकिरीच राहिला. एक आजी म्हणाल्या, "मंग जे आपण पिकवतो अन् इकून टाकतो, तेच खाले पाह्यजे म्हणाव का?" त्यांच्या या बोलण्याकडे मी पुढे परत येते. (तपासलेला घास खाऊ नका, टाकून द्या. मुलांना बाटली देऊ नका.)

स्टार्च हे विष नाही. तोंडातल्या लाळेपासून त्याची साखर व्हायला सुरुवात होते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो म्हणूनच. त्याच साखरेवर आपलं अंग चालतं.

हा विचार आला कुठून

१९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या डॉक्टरांना एक गोष्ट दिसली. मणक्याच्या या आजाराच्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात एक खूण सापडते, तिचं नाव एचएलए-बी२७. ती आईबापाकडून येते. खूण असलेल्या शंभरातल्या फार थोड्यांनाच आजार होतो, पण आजार झालेल्यांत ती वारंवार दिसते.

मग लंडनचे डॉ. अॅलन एब्रिंगर यांनी पुढचा प्रश्न विचारला. खूण इतक्यांकडे आहे, मग आजार थोड्यांनाच का? त्यांचं म्हणणं असं होतं की आतड्यात क्लेब्सिएला नावाचा जंतू राहतो. त्याचा काही भाग त्या बी२७ सारखाच दिसतो. शरीर जंतूला मारायला जातं आणि चुकून आपल्याच सांध्याला मारतं. हा जंतू जगतो कशावर? आतड्यात न पचता खाली उतरलेल्या स्टार्चवर. मग स्टार्च कमी केला तर जंतू उपाशी राहील, जंतू कमी झाला तर सूज कमी होईल.

१९९६ साली एब्रिंगर आणि त्यांचे सहकारी विल्सन यांनी आपल्या रुग्णांचे निष्कर्ष छापले. ब्रेड, बटाटा, भात, केक, पास्ता कमी करायला सांगितलेल्या रुग्णांचा ईएसआर, म्हणजे रक्तात सूज दाखवणारी तपासणी, काही महिन्यांत कमी झाला होता. तिथून हे पथ्य जगभर पसरलं.

आता दुसरी बाजू. तो अभ्यास थोड्या लोकांचा होता. कोणतंही औषध खरं की खोटं हे ठरवायला अर्ध्यांना ते द्यावं लागतं आणि अर्ध्यांना नाही, आणि कोणत्या गटात कोण जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवावं लागतं. स्टार्चच्या पथ्याची अशी मोठी परीक्षा झालेली नाही. क्लेब्सिएला हा धडधाकट माणसाच्या आतड्यातही सापडतो. आतडं आणि मणक्याचा हा आजार यांचं नातं आहे हे आज डॉक्टर मानतात, पण एकाच जंतूवर सगळा दोष येतो हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून संधिवाततज्ज्ञांच्या उपचारांच्या नियमांत हे पथ्य नाही.

आणखी एक गोष्ट नीट वाचा. एब्रिंगर यांनी पथ्य औषधांच्या जोडीला सांगितलं होतं. "गोळ्या बंद करा" हे वाक्य त्यांचं नाही, ते नंतर कुणीतरी जोडलं आहे. रुमेटॉइड, गाऊट, गुडघ्याची झीज, सिकलसेल यांसाठी तर हे पथ्य निघालेलंच नव्हतं. आणि आपल्याकडे वांगं वातूळ, दही वातूळ असं जे म्हणतात त्याचा या स्टार्चशी काही संबंध नाही.

आपल्या ताटाचा हिशोब

लंडनच्या माणसाने ब्रेड सोडला तर त्याच्या ताटात मासा, मांस, चीज, भाज्या, फळं उरतात. आपल्या ताटातून भाकरी आणि भात काढला तर काय उरतं, ते बघा.

रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं. दिवसाला ते साधारण १६५ ग्रॅम होतं, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास उष्मांक. हे सगळं स्टार्चच. जो आहार फुकट मिळतो तोच 'विष' ठरवला तर त्या जागी विकत काय आणणार?

हमाली करणारा भाऊ दिवसाला सहा भाकरी खायचा. एका भाकरीत सत्तर ग्रॅम पीठ धरलं तर सहा भाकरींत चौदाशे उष्मांक होतात. एका अंड्यात सत्तर उष्मांक असतात. म्हणजे ती जागा भरायला वीस अंडी लागतील. सात रुपयांचं एक अंडं धरलं तरी रोजचे एकशे चाळीस रुपये, एकट्या माणसाचे. तो दोन अंडी खात होता. बाकीची भूक त्याने अंगावर काढली, म्हणून सहा-सात किलो उतरले. त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले. आणि हा आजार असलेल्या माणसाची पाठ ताठ ठेवतात ते स्नायूच.

दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेतली तर जठराला जखम होते, कधी काळी शी होते, रक्ताची उलटी होते. भाकरी सोडलेला माणूस नेमका रिकाम्या पोटी गोळी घेतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने अचानक भाकरी-भात बंद केला तर साखर खाली जाऊन घाम सुटतो, भोवळ येते, माणूस बेशुद्ध पडतो. हे मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

आणि हिशोबात न येणारी एक गोष्ट. घरात एकाचं पथ्य सुरू झालं की दोन चुली पेटल्यासारखं होतं. त्याच्यासाठी वेगळं शिजवणारी बाई, तिच्या ताटातली भाजी कमी होते. दूध त्याला जातं, पोरांना चहा. बाईला स्वतःला संधिवात असतो तेव्हा तिच्यासाठी असं पथ्य मात्र कोणी करत नाही. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

तरी करून पाहायचं असेल तर

काही लोकांना भात-बटाटा कमी केल्यावर पोट हलकं वाटतं, सकाळचा आखडलेपणा कमी वाटतो. त्यांना मी खोटं पाडत नाही. ज्याला मणक्याचा हा आजार डॉक्टरांनी नक्की सांगितला आहे, त्याने डॉक्टरांना सांगून, औषध चालू ठेवून करून बघावं. पण वहीत लिहून.

पहिले दोन आठवडे खाण्यात काही बदलू नका. पोराची जुनी वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा. सकाळी अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागली. रात्री किती वेळा जाग आली. दुखणं दहापैकी किती. दुखण्याच्या गोळ्या किती घेतल्या. आठवड्याला एकदा वजन.

मग चार आठवडे स्टार्च निम्मा करा, शून्य नाही. रात्रीचा भात, बटाटा, साबुदाणा, मैद्याची बिस्किटं-टोस्ट, हे आधी काढा. सकाळ-दुपारची भाकरी ठेवा. जे काढलं त्या जागी काहीतरी घाला: शेंगदाणे, जवसाची चटणी, अंडं, दही, सुकी मासळी, पालेभाजी, आणि आपलं सोयाबीन.

वाशीमच्या शिवारात नजर जाईल तिथे सोयाबीन दिसतं. पोत्यात भरून आपण ते बाजार समितीत घालतो आणि घरात एक मूठही ठेवत नाही. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये पस्तीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, स्टार्च जवळपास नसतो. कच्चं कधी खाऊ नका, त्याने पोट बिघडतं आणि प्रथिनं पचत नाहीत. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, सालं चोळून काढा, कुकरमध्ये मऊ शिजवा आणि कांदा-लसूण-तिखट घालून उसळ करा. ती सगळ्या घराला होते, एकट्याची वेगळी नाही.

चार आठवड्यांनी परत पहिल्यासारखं खा, दोन आठवडे, आणि वही बघा. भात परत आल्यावर आखडलेपणा वाढला तर तुमच्यापुरतं त्यात काहीतरी आहे. काही फरक नसेल तर भाकरी सुखाने खा. मधेच दोन किलोंच्या वर वजन उतरलं, तर तिथेच थांबा.

हा प्रयोग कोणी करायचा नाही, तेही सांगते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढती मुलं, टीबीचे रुग्ण, सिकलसेलचे रुग्ण, किडनीचा आजार असलेले, मधुमेहाची औषधं घेणारे आणि मुळात वजन कमी असलेले. सिकलसेलच्या रुग्णाला तर उपाशी राहणं आणि पाणी कमी पिणं यानेच झटका येऊ शकतो.

ज्याने नक्की फरक पडतो

व्यायाम. मणक्याच्या या आजारात तो औषधाइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं सतरंजीवर पालथं झोपा. मग कोपरांवर छाती उचला. छाती भरून दहा वेळा श्वास घ्या, कारण या आजारात फासळ्याही आखडतात. उशी पातळ ठेवा. भिंतीला टाचा, कुल्ले आणि पाठ लावून उभे राहा, हनुवटी सरळ ठेवा. डोकं भिंतीला टेकतं का? टेकत नसेल तर मधे किती बोटं बसतात ते महिन्याला वहीत लिहा. अंतर वाढत असेल तर लगेच डॉक्टरांकडे. विहारात मांडी घालून वाकून बसवत नसेल तर खुर्चीवर ताठ बसा, त्यात कोणाचा अपमान नाही.

बिडी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा मणका लवकर घट्ट होतो. भाकरी सोडायची हिंमत असलेल्या माणसाने आधी बिडी सोडावी.

औषध. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, पोटात काहीतरी घालून, अधूनमधून किडनीची तपासणी करून घ्यायच्या. रुमेटॉइडमध्ये मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. मूल हवं असणाऱ्या बाईने ही गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. काहींना महागडी इंजेक्शनं लागतात, त्याआधी टीबीची तपासणी करावी लागते.

आणि पुड्या. नाव नसलेली, कागदात बांधलेली 'वाताची पुडी' दोन दिवसांत आराम देते तेव्हा तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. ती महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

जायचं कुठे

वरच्या खुणा जुळत असतील तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि सांगताना "कंबर दुखते" एवढंच सांगू नका. "सकाळी एवढी मिनिटं आखडते, चालल्यावर बरं वाटतं, पहाटे जाग येते" असं सांगा. या तीन वाक्यांनी डॉक्टरांचा विचार बदलतो. ईएसआर, सीआरपी, हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि कंबरेच्या खालच्या सांध्यांचा एक्सरे, एवढ्या तपासण्यांबद्दल विचारा. सुरुवातीला एक्सरे साफ येऊ शकतो, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. पुढे वाशीमचं जिल्हा रुग्णालय, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल, जिथे लिहून देतील तिथे जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. जगभर या आजाराचं नाव कळायला रुग्णांची पाच-सात वर्षं जातात. आपल्या पोरांची तरी जाऊ नयेत.

त्या हमाल भावाबरोबर मी स्वतः अकोल्याला गेले. मणक्याचाच आजार निघाला. गोळ्या परत सुरू झाल्या, पालथं झोपणं सुरू झालं, त्याची बायको घड्याळ घेऊन बसते. वही तिनेच लिहिली आहे, कारण त्याला कंटाळा. पहिल्या पानावर सकाळचा आखडलेपणा नव्वद मिनिटं आहे. दहाव्या आठवड्याच्या पानावर पस्तीस. सातव्या आठवड्यात त्याने भाकरी परत सुरू केली, त्या आठवड्याचे आकडे मी दोनदा तपासले. वाढले नव्हते. रात्रीचा भात मात्र त्याने आपणहून सोडला आहे, पोट हलकं राहतं म्हणतो. ते त्याचं त्याने ठरवलं, माझी हरकत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले तेव्हा सोयाबीनची उसळ झाली होती, ज्वारीच्या भाकरीबरोबर. दोन्ही पोरं जेवायला बसली होती. अंडी चार होती आणि माणसंही चार.